घोडं कुठं अडलं होतं, ते सांग

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. तू रडकुंडीला आली होतीस. "ताई, संगणकाचा इतिहास काढला की अर्धा वर्ग खिडकीतून सातपुड्याकडं बघत बसतो. आणि एकानं तर उभं राहून विचारलं, मॅडम, हे मेलेले कॉम्प्युटर आम्ही कायले शिकाचे?"

मी हसले आणि तू फोन ठेवलास. आता राग गेला असेल तर ऐक. त्या पोराचं काही चुकलेलं नाही. तू फळ्यावर पाच रकान्यांचा तक्ता काढला असशील, हे मी अकोल्यात बसून सांगते. पहिली पिढी निर्वात नळ्या, दुसरी ट्रान्झिस्टर, तिसरी आयसी, चौथी मायक्रोप्रोसेसर, पाचवी कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि प्रत्येकीसमोर सनावळी. मीही तेच केलं होतं. एक नाही, ओळीनं चार वर्षं. वह्या भरल्या, पोरांना दोन दोन गुण मिळाले आणि उन्हाळ्याच्या सुटीत सगळे सगळं विसरले. त्यांच्याबरोबर मीही.

माझे डोळे उघडले ते एनिॲकमुळे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढं आलेलं ते धूड. त्यात जवळपास १८ हजार निर्वात नळ्या होत्या, अख्खी खोली व्यापणारं यंत्र होतं, असं मी सांगत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, एवढं मोठं होतं त वजन किती होतं?" मी पुस्तकातलं वाचलं, ३० टन. "म्हणजे किती क्विंटल?" मी फळ्यावर हिशेब केला. अमेरिकी टन आपल्यापेक्षा हलका असतो, म्हणून साधारण २७० क्विंटल. त्याबरोबर वर्गात चर्चाच सुरू झाली. २७० क्विंटल कापूस म्हणजे किती गाड्या, किती एकरांचं पीक, मार्केटात किती वेळ रांग लागेल! आणि मग त्याच पोरानं खरा प्रश्न विचारला: "एवढं मोठं कायले बनवलं मंग? काय अडलं होतं त्यायचं?"

काय अडलं होतं! मला उत्तर येत नव्हतं, बाई. चार वर्षं शिकवत होते आणि येत नव्हतं. घरी येऊन वाचलं. तोफेचा गोळा किती कोनात मारला तर कुठं पडेल, याची कोष्टकं सैन्याला हवी होती. ती कोष्टकं बायका हातानं करायच्या, आणि युद्धाचा वेग असा की हातांना ते झेपेना. म्हणून ते यंत्र. आणि त्या हिशेब करणाऱ्या बायकांमधल्याच सहाजणींनी पुढं त्या यंत्राला कामाची मांडणी शिकवली. यंत्राचं गाजावाजा करून उद्घाटन झालं तेव्हा त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. हे मुलींना सांग. आवर्जून सांग, पण भाषण नको करूस. सांग आणि गप्प बस, त्या आपोआप बोलतील.

तर माझं सगळं शहाणपण एवढंच आहे, आणि ते मला मागच्या बाकावरच्या पोरानं दिलं. कुठलंही यंत्र शिकवायला घेतलंस की आधी स्वतःला विचार, घोडं कुठं अडलं होतं? नड कळली की यंत्र कळतं. सन मागाहून येतो, आणि नाही आला तरी काही बिघडत नाही.

सुरुवात मात्र यंत्रापासून करू नकोस, माणसापासून कर. कॉम्प्युटर हे आधी माणसाच्या नोकरीचं नाव होतं, हे पोरांना खरं वाटत नाही, म्हणूनच ते त्यांच्या लक्षात राहतं. सर्व्हे ऑफ इंडियात राधानाथ सिकदार नावाचा बंगाली तरुण १८३१ साली याच कामावर लागला. हिमालयातल्या १५ क्रमांकाच्या शिखराची उंची आकडेमोड करून काढायचं श्रेय त्याला देतात, आणि ते शिखर जगातलं सर्वांत उंच ठरलं. नाव मात्र पडलं एव्हरेस्टसाहेबाचं. सर्व्हेची जमीनमोजणी दक्षिणेतून वर सरकली ती आपल्या मुलखातूनच. तिची सुरुवात करणारा विल्यम लॅम्टन जानेवारी १८२३ मध्ये वाटेतच वारला, कुठं माहीत आहे? हिंगणघाटला. त्याची कबर तिथंच आहे. पोरांच्या नात्यागोत्यातलं कुणी ना कुणी हिंगणघाटला असतंच. "मामाकडं गेलास की बघून ये" एवढं म्हण, पुढचं तेच करतात.

मग कापसावर ये. तुमच्या हिवरखेडात कापूस कुणाला समजावून सांगायला नको. फ्रान्समधल्या ल्योंला रेशमाच्या मागावर जॅकार्डनं भोकं पाडलेले पुठ्ठे लावले, १८०४-०५ च्या सुमारास. भोक असेल तिथं धागा उचलायचा, नसेल तिथं सोडायचा. हो किंवा नाही, त्यातूनच काठावरची वेलबुट्टी. चार्ल्स बॅबेजनं हीच पुठ्ठ्यांची युक्ती आपल्या यंत्रासाठी उचलली. त्याचं घोडं कुठं अडलं होतं? छापील गणिती कोष्टकांत चुका असायच्या आणि त्या चुकांवर जहाजं चालायची. यंत्र काही त्याच्या हयातीत पुरं झालं नाही. पण त्या न झालेल्या यंत्रासाठी १८४३ साली एडा लव्हलेसनं हिशेबाच्या पायऱ्या लिहून ठेवल्या. आईची काठपदराची साडी वर्गात आणायला सांग. उलट बाजूनं धागे दाखव. फळ्यावरच्या शून्य-एकापेक्षा ती साडी जास्त शिकवते.

आणि मँचेस्टर. अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडं वळली. १८७० साली खामगावला खास कापसासाठी रेल्वेचा फाटा आला. ज्या मँचेस्टरच्या नावानं आपल्याकडं गाठी बांधल्या गेल्या, त्याच शहरात २१ जून १९४८ ला 'बेबी' नावाच्या यंत्रानं स्वतःच्याच स्मृतीत साठवलेला पहिला प्रोग्राम चालवला. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध जोडू नकोस हं. तसा नाही तो. पण नकाशावर बोट ठेवायला पोरांना ओळखीचं गाव मिळतं, आणि अनोळखी गोष्टीला आत यायला तेवढी फट पुरते.

त्या बेबीचं गणित मात्र वर्गात जरूर करून घे. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४, याचा त्या संख्येखेरीज सर्वांत मोठा विभाजक कोणता? पोरं चुटकीसरशी सांगतील, अर्धा, १,३१,०७२. यंत्राला ते कळत नव्हतं. ते एकेक संख्या घेऊन खाली उतरत गेलं आणि ५२ मिनिटांनी उत्तर घेऊन आलं. प्रोग्राम अवघ्या १७ सूचनांचा. एका पोराला बेबी कर, २४ चा विभाजक शोधायला लाव, २३ पासून एकेक पायरी खाली, मध्ये डोकं चालवायला बंदी. यंत्र किती बिनडोक आणि किती चिवट असतं ते मग सांगावं लागत नाही.

आता एक सावधगिरी. बगची गोष्ट तू सांगणारच, सगळ्याच मास्तरणी सांगतात. तुमच्याकडं तर ती रंगतेच, कारण गुलाबी बोंडअळीचा पतंग पकडायला शेताशेतात कामगंध सापळे लागलेले असतात. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क-२ यंत्राच्या रिलेत असाच एक पतंग सापडला आणि तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवून ठेवला गेला. तो अजून अमेरिकेतल्या संग्रहालयात आहे. इथपर्यंत खरं. पण "तिथून बग हा शब्द आला" हे खोटं. यंत्रातल्या दोषाला बग म्हणणं त्याआधी सत्तरेक वर्षं चालत होतं, एडिसनच्या १८७८ च्या पत्रात ते आहे. नोंदवहीतली गंमतच ती आहे की हा खराखुरा बग सापडला. आणि तो त्या यंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपरनं स्वतः शोधला हेही खरं नाही. तिला ती गोष्ट सांगायला आवडायची, एवढंच. मी ही गोष्ट कितीतरी वर्षं चुकीची सांगितली. मग एकदा वर्गात कबूल केलं की पोरांनो, मी तुम्हाला चूक सांगत होते. त्या दिवशी माझी किंमत कमी होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. पोरं पुस्तकातली विधानं तपासायला लागली, आणि त्यातली दोन खरंच चुकीची निघाली.

अशीच दुसरी सावधगिरी व्हॉट्सॲपवरून येईल. कुणी पालक, कदाचित हेडसरही, सांगतील की नासानं म्हटलंय, संगणकासाठी संस्कृत सर्वोत्तम भाषा. भांडू नकोस. १९८५ साली रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकानं एका नियतकालिकात लेख लिहिला होता. शास्त्रीय संस्कृतात वाक्याचा अर्थ उलगडून मांडायची जी पद्धत आहे, ती संगणकात ज्ञान मांडायच्या पद्धतीशी जुळते, असं त्याचं म्हणणं. लेख वाचण्यासारखा आहे, पण त्यातून नासाचा शिक्का निघत नाही. मग पोरांना आपलं काहीच नाही का सांगायचं? आहे ना, आणि ते तुमच्या मराठीच्या सरांकडं आहे. वृत्तं शिकवताना ते लघु-गुरू मांडतात. तीन अक्षरांचे गण किती? आठ. का आठ? कारण प्रत्येक जागी दोनच शक्यता, दोन गुणिले दोन गुणिले दोन. 'यमाताराजभानसलगा' ही दहा अक्षरं लिही आणि सलग तीन तीन अक्षरं घेत सरक. आठही गण एकेकदा येतात, एकही दुसऱ्यांदा नाही. संगणकशास्त्रात असल्या साखळ्यांना आज वेगळं नाव आहे आणि त्यावर मोठमोठे लोक काम करतात. छंदःशास्त्र रचणाऱ्या पिंगलानं संगणक काढला नाही. पण दोन चिन्हांनी सगळ्या शक्यता ओळीनं मांडायचा प्रश्न त्याला पडला होता, आणि तो कवितेसाठी पडला होता. एवढं सांगितलं तरी छाती पुरेशी फुगते.

आपल्या देशाचं थोडक्यात आटप, फार ताणू नकोस. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून यंत्र आलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी स्वतः बांधलेलं यंत्र १९६० ला सुरू झालं, १९६२ ला नेहरूंनी त्याला टिफ्रॅक नाव दिलं, आणि लवकरच ते जुनं ठरलं. बांधणाऱ्यांची मेहनत वाया गेली का, असं पोरं विचारतील. उत्तर देऊ नकोस, त्यांनाच वाद घालू दे.

पण परम या महासंगणकावर मात्र थांब. सांग की मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचं खेडं आहे. तिथं १९४६ साली, म्हणजे ते एनिॲक बाहेर आलं त्याच वर्षी, विजय भटकर जन्मले. आपल्या अकोला जिल्ह्यातले. नागपुरात इंजिनीअर झाले, मग बडोदा, मग दिल्लीच्या आयआयटीत डॉक्टरेट. "हुशार होते म्हणून मोठे झाले" इथं गोष्ट संपवू नकोस गं, मी हात जोडते. थोरांची चरित्रं पोरांना पाठ असतात आणि ती त्यांना अंगाला लागत नाहीत. तोच प्रश्न विचार. घोडं कुठं अडलं होतं?

पावसाशी अडलं होतं. मृगात पेरायचं की थांबायचं? पेरलं आणि पावसानं ओढ दिली तर दुबार पेरणी, बियाण्याचे पैसे पुन्हा उसने. हे हिवरखेडच्या पोराला तू शिकवायचं नाही, त्यानंच तुला शिकवायचं. पाऊस आधी कळायचा तर वाऱ्याचे, उष्म्याचे, दमटपणाचे अगणित हिशेब पाऊस यायच्या आत संपायला हवेत. पाऊस पडून गेल्यावर आलेला अंदाज काय कामाचा? त्यासाठी लागतो महासंगणक. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेनं दिल्लीच्या हवामान केंद्राला क्रे कंपनीचा दिला, पण हवा होता त्याहून कमी ताकदीचा आणि अटींसकट. बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी मागितला तो दिलाच नाही. बाँब बनवायच्या कामात वापराल, ही त्यांची शंका. मग १९८८ ला पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली, भटकर तिचे प्रमुख, आणि १९९१ ला परम ८००० उभा राहिला.

आता इथं फळा पुसून टाक आणि वर्गाला शेतात ने. मनातल्या मनात ने, खरंच नेऊ नकोस, साप असतात. एका बाईला एवढी पऱ्हाटी वेचायला सोळा दिवस लागतात. सोळा बायका लावल्या तर? "एक दिवस!" वर्ग ओरडेल. परम म्हणजे हेच. एक राक्षसी यंत्र मिळत नव्हतं, म्हणून लहान लहान पुष्कळ प्रोसेसर एकत्र जुंपले, प्रत्येकानं आपापलं तास धरायचं. मग हळूच विचार, "खरंच एका दिवसात होतं?" दोन मिनिटं शांतता पसरेल. मग कुठल्या तरी मुलीचा, जिची आई वेचणीला जाते तिचा, हात वर येईल. नाही होत. कारण संध्याकाळी वजनाला काटा एकच असतो आणि सोळाजणी रांगेत उभ्या असतात. कुणाचं तास लांब, कुणाचं आखूड. एकीला शेवटच्या टोकाला काम उरतं आणि बाकीच्या बांधावर बसून वाट बघतात. समांतर संगणनात सगळी डोकेफोड या काट्यापाशीच आहे. जे काम वाटता येत नाही, ते सगळ्यांना थांबवतं. पुस्तकात ते इंग्रजी नावानं आणि सूत्रानं येतं. त्या पोरीला ते सूत्राआधी माहीत असतं. माझ्या वर्गात जिनं हे सांगितलं ती तोवर वर्षभरात एकदाही बोलली नव्हती.

आणि मोठेपणा वाटायचा तर मोजून वाट. परममधले प्रोसेसर आपले नव्हते, इन्मॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीचे होते. वेचणाऱ्या बाहेरच्या, मुकादमी आपली. कुणी कुठलं तास धरायचं, कोण कुणाला निरोप देणार, काट्यावरची रांग कशी मोडायची, हे डोकं पुण्यातल्या माणसांचं. मला तर हे ऐकून अभिमान कमी न होता वाढला. पावसाचं काम अजूनही पुण्यातच चाललंय. तिथल्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ ला प्रत्यूष आला आणि २०२४ ला अर्क. "तरी अंदाज चुकतोच" असं पोरं म्हणतील. म्हणू दे. का चुकतो, हा पुढच्या तासाचा विषय.

एक गोष्ट मला सर्वांत जवळची आहे, ती पुस्तकात सापडणार नाही. पोरांना 'वऱ्हाड' टाइप करायला लाव. मोबाइलवर, लॅबमध्ये, कुठंही. निम्म्यांचं 'वर्‍हाड' न होता रफार चढून 'वर्हाड' होईल. आपल्याच मुलखाचं नाव आणि ते यंत्राला लिहिता येईना! कारण हा आडवा, पापणीसारखा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. वऱ्हाडी, कऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या. युनिकोडमध्ये तो मिळवायचा तर नुसता साधा र पुरत नाही, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याला पाय मोडायचा आणि मग ह. 'ॲ' चं तसंच. ॲड्रेस, ॲसिड लिहायला लागणारं ते अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ ला आलं. तोपर्यंत लोक अ‍ॅ करायला अ ला चंद्र चिकटवायचे. कुणी तरी बसून, पत्रं लिहून, बैठका घेऊन ही अक्षरं आत घेतली, म्हणून ती आज तुझ्या बोटाखाली आहेत.

त्यामागं मोठा इतिहास आहे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या पडद्यावर आणायचं काम झालं, पुढं मोहन तांबे आणि मंडळींनी ते सी-डॅकमध्ये जिस्ट या नावानं नेलं. इन्स्क्रिप्ट कळफलक त्याच काळातला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. बहुतेक भारतीय लिप्यांची वर्णमाला जवळपास एकच, मग संकेतही एकाच क्रमानं लावावेत, हा विचार इस्की या संकेतप्रणालीत आला आणि तिथून युनिकोडमध्ये गेला. आजही देवनागरी अ, बंगाली अ आणि गुजराती अ आपापल्या कप्प्यात नेमक्या त्याच जागी बसलेले आहेत.

हा इतिहास मला पुस्तकातून नाही, मार खाऊन कळला. एकदा मी घटक चाचणीची प्रश्नपत्रिका घरी जुन्या फाँटमध्ये टाइप केली आणि छापायला दिली. छापखान्याच्या मशीनवर तो फाँट नव्हता. सकाळी साडेसातला गठ्ठा उघडला तर प्रश्न १ पासून शेवटपर्यंत कंसांची आणि टक्क्यांच्या चिन्हांची रांगोळी. शंभर पोरं बाकांवर बसलेली. मी सगळी प्रश्नपत्रिका फळ्यावर लिहिली, घसा बसेपर्यंत वाचली, आणि मुख्याध्यापकांचं बोलणं खाल्लं ते वेगळंच. त्या फाँटमध्ये 'क' हे अक्षर नव्हतंच, इंग्रजी अक्षराला क चा मुखवटा घातला होता. मुखवटा गेला आणि खालचं उघडं पडलं. युनिकोड का लागला, हे मला विचार! तुझ्या हातून असलं काही झालं तर लपवू नकोस. तोच तुझा सर्वांत चांगला तास ठरेल.

आता व्यवहाराचं बोलू. लाईन जाते, तेही नेमकी प्रॅक्टिकलच्या तासाला. लॅब मेली की आपण पोरांना "शांत बसा" म्हणतो. शांत कशाला बसायचं? इतिहासाला वीज लागत नाही. मी असले दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे तयार ठेवते, एकेक यंत्र, एकेक नड. लाईन गेली की एक काढायचा. वर्षाअखेरीस अख्खं प्रकरण झालेलं असतं आणि तक्त्याचा तास एकच लागतो. हो, तक्ता द्यायचाच. परीक्षेत येतो, त्या दोन गुणांवर पोरांचा हक्क आहे. पण तो शेवटी दे, रकाने पोरांनाच भरायला लाव.

आणि गावाचा इतिहास त्यांच्याकडूनच लिहून घे. हिवरखेडात पहिला संगणक कुणाकडं आला, कशासाठी, त्याला कोण हात लावायचं? अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज गाडी तुमच्या स्टेशनवर थांबायची तेव्हा तिकीट कसलं असायचं? आजोबा सांगतील, जाड पुठ्ठ्याचं, त्यावर ठक्कन तारीख उमटायची. कुणाच्या आईनं लग्नानंतर एमएस-सीआयटी केलं असेल. ते सर्टिफिकेट कपाटात साडीखाली असतं, काढायला लाव. मी हे करवलं तेव्हा एका आईनं पोराजवळ चिठ्ठी दिली, की एवढ्या वर्षांत त्या कागदाबद्दल कुणी पहिल्यांदा विचारलं.

सातबारा घे, डेटाबेस शिकवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे तीत पेरलं काय. ओळी, रकाने, गट नंबर ही किल्ली. तलाठ्याच्या हातच्या दप्तरापासून २०१८ च्या डिजिटल सहीच्या उताऱ्यापर्यंतची वाट पोरांनी घरात पाहिलेली असते. पण एक ऐक, घरचा सातबारा वर्गात आणायला सांगू नकोस. मी सांगितला होता. एकाच्या घरी भाऊबंदकीची केस चालू होती, ती वर्गात उघडी पडली. आणि कितीतरी पोरांच्या घरी सातबाराच नाही. ती त्या दिवशी वहीत डोकं घालून बसली आणि मला ते तास संपल्यावर लक्षात आलं. कोरा नमुना फळ्यावर काढ, नावं खोटी घाल.

तुझी नोकरी कंत्राटाची आहे, पगार दोन महिने मागं आहे, हे मला माहीत आहे. माझीही पहिली नऊ वर्षं तशीच गेली. ज्या एजन्सीनं लॅब दिली होती तिची मुदत संपली आणि एका सोमवारी संगणकांसकट आम्हीही उचलले गेलो. म्हणून "मन लावून शिकव, सगळं ठीक होईल" असलं काही मी तुला सांगणार नाही. हजेरी आणि नेमणुकीच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेव, दर महिन्याला ठेव. आणि हे तुकडे एका वहीत लिहीत जा. लॅब शाळेची असते किंवा एजन्सीची, वही तुझी राहते. माझी तिसरी वही चालू आहे, पहिल्या दोन तुला देईन.

दिवाळीत येशील तेव्हा पोट्ट्यांनी लिहिलेला गावचा इतिहास घेऊन ये, शुद्धलेखन सुधारू नकोस, तसाच आण. आणि उद्या शाळेत गेलीस की एक काम कर. फाटकावरच्या फलकापासून सूचना फलकापर्यंत कुठं 'वऱ्हाड' लिहिलंय का बघ, आणि र बरोबर आहे का ते मला कळव.